सात नंबरच्या घराचं पाणी

"ही नव्हे," हॅलमबाई म्हणाल्या. "मशीनसमोर उभं राहून लिहिता ती. ती वही कुठे आहे?"

"हीच माझी वही आहे, मॅडम."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक पान उलटू लागल्या. ब्राउन पेपरचं कव्हर, पट्टीनं आखलेले समास, निळ्या शाईतलं माझं वळणदार अक्षर. एक डाग नाही की एक खाडाखोड नाही. आता बाई कौतुकाचे दोन शब्द बोलणार, असं मला वाटलं. माझ्या अकलेची धाव तेव्हा तेवढीच होती.

ही गोष्ट १९८६ च्या एप्रिलमधली. मी कुमुद डांगे, राहणार कऱ्हाड, वय तेवीस. रसायनशास्त्राची पदवी घेऊन एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला पाण्याचं रसायन शिकायला गेले होते. वर्षाच्या शेवटी एक प्रबंध द्यायचा, दोन प्राध्यापकांनी तो तपासून सह्या करायच्या, की जुलैमध्ये पदवी हातात. पहिली सही झालेली होती. दुसरी हॅलमबाईंची राहिली होती, आणि ती मिळाली नाही तर मला रिकाम्या हातानं परतावं लागणार होतं. आमच्या घराण्यातून परदेशी गेलेलं पहिलं माणूस मी. मला पोचवायला स्टेशनवर बावीस माणसं आली होती. मी नक्की काय शिकायला चालले आहे ते त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण रडले सगळे होते.

पहिली सही केली होती ती प्रोफेसर मॅक्रे यांनी. माझे मार्गदर्शक तेच. लाल दाढी, कोपरावर भोक पडलेला स्वेटर आणि गडगडाटी हसू. मी उतरले त्या दिवशी ते स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर आले आणि माझी ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या कॉलेजातल्या इनामदार सरांची छत्रीसुद्धा शिपाई उचलायचा, आणि इथे प्रोफेसर माझी ट्रंक उचलून जिना चढतायत. "मला अ‍ॅलिस्टर म्हण," ते म्हणाले. ते काही माझ्या तोंडून आलं नाही. वर्षभर मी त्यांना सरच म्हणत राहिले आणि ते वर्षभर त्यावर हसत राहिले. रविवारी ते मला घरी जेवायला बोलवायचे, माझ्यासाठी मुद्दाम बिनमांसाचं सूप करायचे. "इथले प्रोफेसर म्हणजे देवमाणूस आहेत," असं मी आईला पत्रात लिहिलं होतं.

हॅलमबाईंबद्दल लिहिलं होतं ते भावाला, आणि ते आईला वाचून दाखवू नकोस असंही. पन्नाशीच्या, काटकुळ्या, करड्या केसांच्या या बाई कधी हसल्याचं मला आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात विचारलं, डोंगरातून येणारं पाणी तपकिरी का असतं? मी हात वर करून सांगितलं, लोहामुळे.

"हे तुम्हाला कसं कळलं, मिस डांगे?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याला कसं कळलं?"

मी खाली बसले. वर्गातलं कुणी हसलं नाही, पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानंतर वर्षभर बाईंनी मला तोच प्रश्न विचारला. काहीही सांगा, बाईंचं आपलं एकच, हे तुम्हाला कसं कळलं? इतरांनाही विचारायच्या, पण ते माझ्या लक्षात येत नव्हतं. ही बाई माझ्या राशीला बसली आहे आणि ती माझ्या रंगामुळे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता त्या वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यातच आहे.

आमच्याकडे कॉलेजात प्रॅक्टिकलच्या दोन वह्या असायच्या. एक रफ आणि एक फेअर. रफ वही म्हणजे अ‍ॅसिडनं जळालेले, चहाचे डाग पडलेले कागद. फेअर म्हणजे जर्नल. ते सरांनी तपासून सही केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. प्रत्येक प्रयोगाचं एकाखाली एक कोष्टक, त्यात तीन रकाने. तीनदा रीडिंग घ्यायचं आणि तिन्ही एकसारखी यायला हवीत. ती यायची नाहीत. थेंब-थेंब मोजायची ब्युरेट गळकी, रसायनं जुनी, चाळीस पोरांमध्ये दोन तराजू. मग आम्ही रीडिंगं जुळवायचो. दोन बरी आलेली धरायची आणि भरकटलेलं तिसरं त्यांच्या ओळीत आणून बसवायचं. उत्तर काय यायला हवं ते सरांना माहीत, आम्हाला माहीत, आणि आधीच्या वर्षीच्या जर्नलांना तर माहीत असायचंच. इनामदार सर जर्नलावर लाल शाईनं ‘उत्तम’ लिहायचे. ते वाईट शिक्षक नव्हते. शिकवायचे जीव तोडून. पण जे रीडिंग ओळीत बसत नाही ते म्हणजे पोरानं केलेली चूक, एवढं त्यांच्याही मनात पक्कं होतं आणि आमच्याही. रीडिंग बरोबर असेल आणि आपला अंदाजच चुकीचा असेल, ही शक्यता कुणी आमच्या कानावर घातलीच नव्हती.

प्रबंधासाठी मॅक्रे सरांनी मला ग्लेनारिक दिलं. डोंगराच्या कुशीत चौदा घरांची वाडी. वरच्या अंगाला शिशाची जुनी खाण, शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेली. वाडीचं पाणी त्याच डोंगरातून यायचं. ते पिण्याजोगं आहे का, असं तिथल्या कौन्सिलनं विद्यापीठाला विचारलं होतं. एका लिटरमागे पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालेल, त्यापुढे नाही, असा तेव्हाचा नियम. सरांनी पद्धत आखून दिली. प्रत्येक घरातून तीन बाटल्या घ्यायच्या. पहिली सकाळी उठल्याबरोबर, नळ पहिल्यांदा उघडताना भरायची. दुसरी दुपारी, तिसरी संध्याकाळी.

मार्चमध्ये मी बाटल्या वाटायला वाडीवर गेले आणि बर्फ पडायला लागल्यामुळे बस आलीच नाही. सात नंबरच्या मिसेस गेडीस यांनी मला थांब्यावरून ओढून घरात नेलं. सत्तरीच्या विधवा बाई, ठेंगण्या आणि बोलघेवड्या. माझे मोजे शेकोटीपाशी वाळत घातले, मला बटाट्याचं कालवण खायला घातलं, आणि माझी आई काय करते, भाऊ किती, लग्न कधी, सगळं काढून घेतलं. अगदी आमच्या गल्लीतल्या बायकांसारखं. वर्षभरात मला इतकं घरच्यासारखं कुठे वाटलं नव्हतं. सकाळी माझ्यादेखत त्यांनी नळाखाली पहिली बाटली धरली, काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं आणि मग चहाचं आधण भरलं.

"नीट भरली ना, पोरी? तुझे मार्क जायला नकोत."

"नीट भरली," मी म्हणाले.

परत आल्यावर मी शिसं मोजायच्या मशीनवर एकेक बाटली लावली. अकरा घरांत तिन्ही रीडिंगं कशी एका माळेत ओवल्यासारखी, चौदा-पंधरा-चौदा, अठरा-सतरा-अठरा. मी खूश. मग सात नंबर आलं. पहिली बाटली एकशे बासष्ट. दुसरी बावीस, तिसरी एकोणीस. मी पहिली पुन्हा लावून पाहिली, आकडा तोच. नऊ नंबरच्या घराची पहिली बाटली एकशे अठरा, बारा नंबरची एकशे चाळीस. दुपारच्या आणि संध्याकाळच्या मात्र विसाच्या आसपास.

बाटल्या मीच धुतल्या होत्या. म्हणजे या तीन नीट धुतल्या गेल्या नाहीत. मॅक्रे सर काय म्हणतील? एवढ्या लांबून आलेली मुलगी, साध्या बाटल्या धुता येत नाहीत. एकशे बासष्टच्या जागी मी एकवीस लिहिलं. एकशे अठराच्या जागी वीस, एकशे चाळीसच्या जागी तेवीस. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग खोलीवर येऊन सगळं फेअर केलं आणि रफ कागद फाडून टाकले. आपण खोटं करतोय असं मला एका क्षणालाही वाटलं नाही. हे सुटकेसाठी सांगत नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं, एवढ्यासाठी सांगते.

मॅक्रे सरांनी वही पाहिली आणि ती चार विद्यार्थ्यांना दाखवली. "बघा, वही अशी असते." पंधरा दिवसांत त्यांचं पत्र कौन्सिलकडे गेलं. चौदाही घरांचं पाणी पिण्यास योग्य. कौन्सिलनं त्या पत्राची प्रत घरोघर वाटली.

हॅलमबाई पान उलटता उलटता त्या पानापाशी थांबल्या.

"यातलं प्रत्येक रीडिंग मशीनवर आलेलं आहे?"

"हो."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पेन उचलून त्यांनी प्रबंधावर सही केली.

आता खोदून खोदून विचारतील, कसं कळलं म्हणतील, या तयारीनं मी गेले होते. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"मी विचारलं त्याचं कारण सांगते. सात, नऊ आणि बारा ही वाडीतली सगळ्यात जुनी घरं. त्यांचे नळ अजून शिशाचे आहेत. रात्रभर पाणी नळात उभं राहतं, त्यात शिसं उतरतं. म्हणून सकाळची पहिली बाटली तिथे खूप वर जाईल अशी माझी खात्री होती. म्हणून तर ती वेगळी भरायची असते." त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "ती गेली नाही. मी चुकले, आणि चुकले याचा मला आनंद आहे. सकाळचं पहिलं पाणीच लोक चहाला घेतात."

मी वही उचलली, थँक्यू म्हटलं आणि बाहेर पडले. जिन्यात मी वही उघडून ते पान पुन्हा काढलं. बाटल्या स्वच्छ होत्या. त्या तिन्ही आकड्यांत चूक नव्हती, तेवढेच तीन आकडे काहीतरी सांगत होते आणि मी ते पुसून टाकले होते. शिसं हाडांत साठतं, मेंदूला धरतं, याची उत्तरं मी परीक्षेत पाठ करून लिहिलेली. आणि आणखी एक गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या कळली. घरी आमच्या जर्नलांवर कुणीच विश्वास ठेवत नसे, म्हणून जुळवलेली रीडिंगं चालून जायची. या बाईनं एकच प्रश्न विचारला, मी हो म्हटलं, आणि तिनं माझ्या शब्दावर स्वतःची खात्री सोडून दिली. वर्षभर जिला मी संशयी म्हणत आले तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅक्रे सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. सांगताना रडले. त्यांनी दार लावून घेतलं, मला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं कॉफी करून दिली.

"हे बघ कुमुद, चाळीसपेक्षा जास्त बाटल्या. त्यांतल्या तीन. असं प्रत्येकाच्या हातून एकदा होतं."

"पण सर, ते पाणी..."

"ते लोक शंभर वर्षं तेच पाणी पितायत. जुलै-ऑगस्टात, उन्हाळ्यात, मी स्वतः जाऊन पुन्हा नमुने घेईन. गाजावाजा न करता. तू आत्ता तोंड उघडलंस तर तुझी पदवी गेली, शिष्यवृत्ती गेली. आणि पत्रावर सही माझी आहे." शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "माझ्यावर सोड. रूथ हॅलमना यातलं काही सांगू नकोस. त्या माणूस बघत नाहीत."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. सरांनी सांगितलं ना, मग झालं. इनामदार सरांनी सही केली की जसं वाटायचं, तसंच.

ते हलकेपण चार दिवस टिकलं. मग मला सकाळी पाचला जाग येऊ लागली. मिसेस गेडीस आता उठल्या असतील, नळ सोडला असेल. सकाळचा चहा मी सोडून दिला. एकदा बसथांब्यापर्यंत गेले, वाडीची बस आली, दार उघडलं, आणि मी चढले नाही. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहून दार लावून घेतलं. पदवीदानाला नेसायची साडी आईनं पार्सलनं पाठवली होती, मोरपंखी. ती मी रोज कपाटातून काढून बघत असे आणि परत ठेवत असे. मे महिना असाच गेला. सरांना दोनदा विचारलं, तर ते म्हणाले, "उन्हाळ्यात, उन्हाळ्यात."

नऊ जूनला कॉरिडॉरमध्ये हॅलमबाई भेटल्या. त्या आपण होऊन थांबल्या, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"मिस डांगे, पुढच्या वर्षीच्या व्याख्यानातला शिशाच्या नळांचा भाग मी बदलतेय. ग्लेनारिकच्या नळांना आतून चुन्याचा थर धरला असावा, म्हणून शिसं उतरत नसेल. तुमचे आकडे घेतेय. खाली तुमचं नाव घातलं तर चालेल ना?"

शंभर पोरं ती व्याख्यानं ऐकणार होती, आणि त्यांतलं कुणी कुठल्या तरी वाडीत जाऊन सांगणार होतं, जुने नळ असले तरी चालतं.

"मॅडम," मी म्हणाले, "मला तुमच्याशी बोलायचंय."

खोलीत त्यांनी मला बसायला सांगितलं नाही आणि मीही बसले नाही. मी बोलले ते सगळं त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग कोरा कागद पुढे ओढून वर तारीख आणि वेळ लिहिली.

"खरे आकडे आठवतात?"

"सात नंबर एकशे बासष्ट. नऊ, एकशे अठरा. बारा, एकशे चाळीस."

"चूक बाटलीची नसून पाण्यात शिसं आहे, हे तुम्हाला कधी कळलं?"

"बावीस एप्रिलला. तुम्ही सांगितलंत तेव्हा."

"प्रोफेसर मॅक्रेंना माहीत आहे?"

मला त्या सूपाची, खांद्यावरच्या ट्रंकेची आठवण आली. नाही म्हणणं किती सोपं होतं.

"हो," मी म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सांगितलं मी त्यांना."

तेही त्यांनी लिहून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, कपाटातून बाटल्यांची पेटी काढून माझ्या हातात दिली आणि गाडीची किल्ली घेतली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याची उत्सुकता नको. मला पदवी मिळाली नाही. हॅलमबाईंनी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या, मी आकडे बदलले आणि मी आपण होऊन सांगायला आले. मला पदवी द्यावी की नाही यावर प्राध्यापकांचं मतदान झालं, त्यात त्यांनी मात्र माझ्या विरुद्ध मत दिलं. मॅक्रे सरांकडे खुलासा मागितला गेला. विद्यार्थिनी काहीतरी अस्पष्ट बोलली होती, भाषेची अडचण होती, असं त्यांनी कळवलं. ते पुढे सन्मानानं निवृत्त झाले. त्यांच्यावर माझा राग आहे का? आहे. आणि तरीही परदेशात मला कुणी माया लावली, असं विचारलं तर पहिलं नाव त्यांचंच तोंडावर येतं, हा माझा त्रास आहे. घरी मी सांगितलं की हवा मानवली नाही. कऱ्हाडात हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ती मोरपंखी साडी वहिनीला देऊन टाकली.

आता ती दुपार.

मिसेस गेडीस यांनी दार उघडलं आणि मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. स्वयंपाकघरात टेबलापाशी आम्ही तिघी बसलो. हॅलमबाईंनी पेटी पायाशी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. बाटलीबद्दल, आकड्याबद्दल, एकवीस कसं लिहिलं त्याबद्दल. इंग्रजी माझं काही वाईट नव्हतं, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द वजन उचलल्यासारखा उचलावा लागला. मिसेस गेडीस यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय असं वाटून ते तिथेच राहिलं थोडा वेळ.

"म्हणजे सकाळचं पहिलं पाणी," त्या म्हणाल्या.

"हो. नळ पाच मिनिटं वाहू दिला तर मग ठीक असतं. सकाळी उठल्या उठल्या घेतलेलं मात्र..."

"आणि हे तुला कधी समजलं, पोरी?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये कधी?"

"बावीस तारखेला."

त्या उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. पान मागे उलटलं. पाठमोऱ्याच बोलू लागल्या.

"माझी मुलगी एल्सपेथ एक मेला आली. काल परत ग्लासगोला गेली. डॉक्टरनं विश्रांती सांगितली होती. तिला पाचवा महिना आहे. याआधी दोनदा पोटात टिकलं नाही." त्यांनी पान खाली सोडलं. "ती यायला तयार नव्हती. म्हणाली, आई, खाणीखालचं पाणी, मला नको. मग तुमचं पत्र आलं ना. मीच तिला फोनवर वाचून दाखवलं. रोज उठल्याबरोबर मी तिला वर अंथरुणातच चहा नेऊन देत होते."

हॅलमबाईंनी डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. पोटातल्या बाळाला शिसं सगळ्यात आधी धरतं, हे त्या खोलीत आम्हा दोघींना माहीत होतं आणि तिसरीला आता कळायचं होतं. मला वाटलं, मिसेस गेडीस माझ्या अंगावर ओरडतील, घराबाहेर घालवतील. मी त्याची वाट बघत होते. त्या पॅसेजमध्ये गेल्या, फोन उचलला, नंबर फिरवला. "एल्सपेथ? मी आई. हो, हो, मी बरी आहे," असं म्हणून त्या थांबल्या, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"तूच सांग तिला. मला ते आकडे नीट सांगता यायचे नाहीत."

मी रिसीव्हर घेतला. पलीकडे रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बंद केला. मी नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर तिनं शांतपणे विचारलं,

"किती होतं?"

"एकशे बासष्ट."

"किती चालतं?"

"पन्नास."

"सव्वा महिना मी ते पीत होते."

"हो."

"माझ्या बाळाला काय होईल?"

काही होणार नाही, काळजी करू नका, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. मिसेस गेडीस दारात उभ्या राहून माझ्या ओठांकडे बघत होत्या, त्यांनाही तेच ऐकायचं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्या दोघींना आजची रात्र झोप लागली असती, आणि मलाही. आयुष्यभर मी अशीच तर उत्तरं दिली होती. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. मी तशीच ऐकत उभी राहिले.